शोकाकुल: मुलगी इस्क्रा

२८ सप्टेंबर २०१९, शनिवार. बोतेवग्राद

बाबांच्या वर्षश्राद्धाचे कागद छापून आले. साठ. छापखान्यातल्या बाईने दोनदा विचारलं, "शोकाकुल म्हणून एकच नाव? आणखी कुणी नाही घरात?" मी म्हटलं, "एवढंच घर आहे आमचं." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गठ्ठा बांधून दिला.

कागद झकास झालाय. काळी चौकट, मधे बाबांचा टोपी घातलेला फोटो, खाली: "तुमच्याविना एक वर्ष. दोब्री साहातचिएव्ह, मनोऱ्यांच्या घड्याळांचे कारागीर." आणि तळाला: "शोकाकुल: मुलगी इस्क्रा." संपलं. मोमचिल नाही, त्याची बायको दाफिना नाही, त्यांचा पोरगा नाही.

का ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी मला वेडी म्हटलं तर निदान ही वही तरी माझ्या बाजूने बोलेल. गेल्या ऑक्टोबरात बाबा गेले. मी इटलीतून, बोलोन्याहून विमानाने आले, त्र्याव्नात बसमधून उतरले, तर थांब्यावर, खांबांवर, पावाच्या दुकानावर बाबांच्या मृत्यूचा कागद. शोकाकुल: मुलगा, सून, नातू, बहीण. सगळं गाव तो वाचत होतं आणि नंतर माझ्याकडे बघत होतं. स्वतःच्या घराच्या दारात उभी राहून मी वाचलं की मी त्या घराची कुणी नाही. मोमचिलला विचारलं तर म्हणाला, "राहून गेलं, ताई." राहून गेलं! भाजीत मीठ राहून जातं. चाळीस दिवसांच्या कागदावरही राहून गेलं, सहा महिन्यांच्याही. धाकटा भाऊ आहे, लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय.

आता वर्षश्राद्ध बारा तारखेला. बाबांनी ज्या ज्या गावातलं घड्याळ दुरुस्त केलं त्या प्रत्येक मनोऱ्यावर माझा कागद लागेल. शेवटचा मोमचिलच्या दारावर. वाचू दे त्याला, वाचू दे गावाला, आणि सगळे त्याच्याकडे बघू देत.

मी इथे जिच्याकडे उतरलेय ती वेलिका आत्या म्हणते, मीही येते. तिच्याकडे ती देशातल्या शंभर प्रेक्षणीय स्थळांची वही आहे, प्रत्येक ठिकाणी शिक्का घ्यायचा. एकेचाळीस झालेत. तिने कागद बघितला आणि म्हणाली, "माझंही नाव नाही की गं."

"माझं नव्हतं तेव्हा तू कुठे बोललीस?"

आत्या पिशवी भरायला लागली.

१ ऑक्टोबर, मंगळवार. एत्रोपोले

पहिला कागद लागला. खळ मी स्वतः शिजवली, पीठ आणि पाणी, वर चिमूटभर साखर. दगडी मनोऱ्याच्या दारावर असा बसला की बघत राहावं.

मनोऱ्याची किल्ली सांभाळणारे त्सोलोकाका आले, टोपी काढून वाचायला लागले. मग मला विचारतात, "इस्क्रा कोण?"

"मी."

"दोब्रीला मुलगी होती? वीस वर्षं येत होता इथे, सोबत जेवायचा, रकियाची बाटली संपवायचा. एकच मुलगा आहे म्हणायचा मला."

बघा! मोमचिलने बाबांच्या डोक्यात काय काय भरवलं असेल. वीस वर्षांच्या दोस्ताला सांगायचीही चोरी.

त्सोलोकाका पुढे म्हणाले की शेवटच्या तीन-चार वर्षांत मोमचिल गाडी चालवत सोबत यायचा. "एकदा वर दोघं असे भांडले, असे भांडले, की खाली चौकात लोक थांबले. पोरगा उतरला तो पांढराफटक. कुठल्यातरी बाईचं नाव घेऊन ओरडत होता. मला वाटलं, लफडं असेल काहीतरी."

दाफिनाला हे ऐकवायला हवं. मी काकांना श्राद्धाच्या उकडलेल्या गव्हाची वाटी दिली, वर अक्रोड, साखर. त्यांनी "देव त्याला क्षमा करो" म्हणत तिथेच उभ्याने खाल्ली. आत्याने सगळं ऐकलं होतं, पण ती एकदम शिक्का कुठे मिळतो ते शोधायला निघून गेली. म्युझियम समोरच होतं, ती उलट दिशेला गेली.

२ ऑक्टोबर

पाऊस. गाडीचा काच पुसायचा दांडा मोडला. आत्या दिवसभर भोपळ्याची बनित्सा खात होती आणि मला "डावीकडे, डावीकडे" सांगत होती. दोन्ही वेळा उजवीकडे होतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. प्लोव्दिव

टेकडीवर घड्याळाच्या मनोऱ्याखाली अकरा कागद लावले. एक पुरे होता, मला माहीत आहे. पण खाली उतरताना प्रत्येक वळणावर हात आपोआप पिशवीत जात होता. रोमन नाट्यगृहाजवळच्या खांबावर लावताना एका फिरायला आलेल्या बाईने माझा फोटो काढला. काढ बाई, सगळ्या जगाला दाखव.

दुपारी आम्ही जेवत असताना मोमचिलचा फोन.

"ताई, प्लोव्दिवला पोचलीस का?"

"हेर ठेवलेस वाटतं?"

"त्सोलोकाकांनी फोटो पाठवला."

"मग वाचलास?"

"वाचला. बाबांचा हा फोटो माझ्याकडे नव्हता. छान आहे." मग म्हणाला, "आत्याचं नाव तरी घालायचंस. वय झालंय तिचं, मनाला लावून घेईल."

"आणि तुझं?"

"माझं राहू दे. बारा तारखेला येतेस ना? गहू घेतलेत, पुष्कळ घेतलेत."

"येते. एक कागद तुझ्या दारासाठी राखून ठेवलाय."

"बरं. दाराला नुकताच रंग दिलाय, खळ धरणार नाही. चिकटपट्टी आण."

मी फोन आपटला. एवढे दिवस मी या क्षणाची वाट पाहत होते आणि हा मला चिकटपट्टी आण म्हणतो! ओरडला असता, रडला असता, शिव्या दिल्या असत्या तर मला अन्न गोड लागलं असतं. आत्याने माझ्या ताटातली मिरची उचलून खाल्ली आणि डोळे पुसले. मिरची भाजलेली होती, तिखट नव्हती.

५ ऑक्टोबर, शनिवार. प्लोव्दिव

खरं ते लिहिते, इथे कोण बघतंय.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आई दोन महिने आजारी होती. मोमचिल फोनवर म्हणाला होता, "ताई, ये." मी म्हटलं होतं, ईस्टर झाला की येते. बोलोन्यातली म्हातारी सिन्योरा, जिला मी सांभाळत होते, तीही शेवटच्या घटका मोजत होती. तिची मुलं हात जोडत होती की आत्ता जाऊ नकोस. मी दुसऱ्याच्या आईचे पाय चोळत बसले. आई ईस्टरच्या आठवड्यात गेली. पण ती गेली तेव्हा तरी कळवायचं की नाही? मोमचिलचा फोन आला तेव्हा तिला पुरून तीन दिवस झाले होते. फोन कुठल्यातरी पेट्रोल पंपावरून केला होता, मागे ट्रकचे आवाज येत होते. म्हणाला, "आईला पोचवलं, ताई." घरून फोन करायचीही लाज वाटली त्याला. तेव्हापासून माझ्या मनात त्याच्याबद्दल जे आहे ते आहे.

त्यानंतर मी तीनदा घरी आले. तिन्ही वेळा बाबा नेमके कुठल्यातरी मनोऱ्यावर कामात. एकदा तर मी पोचायच्या तासभर आधी निघून गेले. मोमचिल मला कधी कळवायचा आणि त्यांना कधी, हे तोच जाणे.

७ ऑक्टोबर, सोमवार. शिपका

शिक्का वर स्मारकात मिळतो आणि पायऱ्या आठशेच्या वर. आत्या खाली म्हशीच्या दह्याचं भांडं घेऊन बसली आणि मला म्हणाली, "तू जा, तू तरुण आहेस." मी चोपन्न वर्षांची आहे. गेले, धापा टाकत शिक्का मारून आणला. वर घड्याळ नाही, तरी एक कागद लावला. तिथल्या रखवालदाराने माझ्यासमोरच काढून टाकला. वर्षात पहिल्यांदा मी मोठ्याने हसले असेन.

खाली आले तर आत्या चमच्याने दही खरवडत म्हणाली, "इस्क्रा, मोमचिलने तुझं काहीच वाईट केलं नसेल तर?"

"मग कुणी केलं?"

"केलं असेल कुणीतरी."

"कागद छापायला कोण गेला होता? मोमचिल. घरात कर्ता कोण? मोमचिल. फोन कुणाच्या हातात होता?"

"तेव्हा त्या घरातला फोन दोब्रीच्या उशाखाली असायचा."

"आजारी आईला आवाजाचा त्रास नको म्हणून असेल."

आत्याने दह्याचं भांडं माझ्या हातात दिलं. "खा. गोड आहे," म्हणाली.

९ ऑक्टोबर, बुधवार. वेलिको तर्नोवो

किल्ल्याचा शिक्का मिळाला. आत्याचे पंचेचाळीस झाले.

दाफिनाचं माहेर इथलंच. तिची आई, दोन मावश्या, एक चुलता, सगळे एकाच गल्लीत. मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा कागद लावले, तिच्या आईच्या कचराकुंडीवरसुद्धा. म्हातारी खिडकीतून बघत होती.

"अगं इस्क्रा, काय करतेस?"

"बाबांचं वर्षश्राद्ध आहे."

"मग आत ये ना. कॉफी घे."

"वेळ नाही."

"माझा जावई कुठंय गं यात?"

"राहून गेला!" मी ओरडून सांगितलं. जीव असा थंड झाला म्हणून सांगू. आत्या गाडीत तोंडावर रुमाल धरून बसली होती. मला वाटलं हसतेय.

वाटेतल्या गावांतही लावत आले, आता एकच कागद उरलाय, मोमचिलच्या दाराचा. द्र्यानोवोचा मनोरा बाकी, आणि त्र्याव्नात तर किमान वीस हवेत. इथेच छापून घेते म्हटलं, तर आत्याने हट्ट धरला, "छापायचेच तर द्र्यानोवोत छाप. दोब्रीचे सगळे कागद तिथेच झाले. त्या स्तोइकाकडे नमुना असतो." तिला ओळखीचं दुकान हवं, दुसरं काय. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार. द्र्यानोवो

घडलं तसं क्रमाने लिहिते.

दुकान पुलाजवळ आहे. पुढे फुलं, मागे शवपेट्या, कोपऱ्यात छापायचं यंत्र. आत्या आत आलीच नाही. पाय दुखतात म्हणाली. स्तोइका बोलकी. मी माझा कागद दिला आणि म्हटलं, असेच वीस हवेत. तिने नाव वाचलं.

"दोब्री साहातचिएव्ह! त्यांची फाईल आहे माझ्याकडे. थांबा हं, चौकट तीच लावू ना?" आणि तिने एक पुठ्ठ्याची फाईल काढली. "असं गिऱ्हाईक परत होणे नाही. मरायच्या दोन महिने आधी स्वतः येऊन लिहून दिलं. म्हणाले, मी गेल्यावर पहिला, चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा, चारही असेच. एका अक्षराचा फरक झाला तर वरून येऊन यंत्र मोडीन."

तिने बाबांच्या हातचा कागद माझ्यासमोर ठेवला. ते अक्षर मी झोपेतही ओळखीन. प्रत्येक घड्याळाच्या आत खडूने तारीख घालायचे ते. लिहिलं होतं: "शोकाकुल: मुलगा (एकच अपत्य) मोमचिल, सून दाफिना, नातू, बहीण वेलिका."

मी विचारलं, "हे कंसातलं तर छापलं नव्हतं."

"मुलाने छापू दिलं नाही. ते गेले त्या सकाळी आला, काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. म्हणाला, कंसातलं काढा, एवढं तरी काढा. मी म्हटलं, तुमच्या वडिलांनी शपथ घातलीय. तो म्हणाला, शपथ तुम्हाला घातलीय, मला नाही. काढलं मी. मग म्हणाला, आता एकच प्रत वेगळी काढून द्या, त्यात आधी एक नाव घाला. 'मुलगी इस्क्रा'. मी म्हटलं, एका प्रतीने काय होणार, वीस काढते. तर म्हणाला, वीस लावले तर म्हाताऱ्याची शेवटची इच्छा मोडली असं गाव म्हणेल आणि ती इच्छा काय होती ते माझ्या बहिणीला कळेल. एकच द्या."

मग माझ्या कागदावरचं नाव तिने आत्ता नीट वाचलं असावं. "अगंबाई," म्हणाली.

मी वीस कागद छापले नाहीत. कधी बाहेर आले आठवत नाही. आत्या गाडीच्या टपाला टेकून उभी होती. पाय दुखत होते ना तिचे.

"तुला माहीत होतं."

"मोमचिलने हात जोडले होते गं. म्हणाला, आत्या, तिची आई गेली ती न भेटता गेली. बाप तरी तिला राहू दे. राग काय, तो माझ्यावर निघू दे. माझी पाठ मोठी आहे."

"आणि आईच्या वेळचा फोन?"

"दोब्री म्हणाला होता, 'परक्याच्या म्हातारीचे पाय चेपतेय ना, चेपू दे. इथे तिचं काम नाही.' फोन घेऊन ठेवला. मोमचिलवर नजर ठेवून होता. पोरगा तिसऱ्या दिवशी डिझेलचं निमित्त काढून निघाला."

मी आत्याला विचारलं, मला आठवडाभर गावोगाव कशाला फिरू दिलंस?

"सांगणार नाही असा शब्द दिला होता," ती म्हणाली. "दाखवणार नाही असा कुठे दिला होता? पण तू वाटेत कुठेच थांबेनास."

११ ऑक्टोबर, शुक्रवार. द्र्यानोवो

दिवसभर खाटेवर पडून होते. एकोणसाठ कागद. एत्रोपोले, प्लोव्दिव, तर्नोवोची अख्खी गल्ली. ते काढायला परत जायचं म्हटलं तर आज निघून उद्याच्या आत येणं नाही. एकोणसाठ ठिकाणी मी त्या माणसाला खोडलंय, ज्याने मला एका ठिकाणी तरी लिहिलं.

आणि ज्याच्यावर उलटायला हवं होतं तो जमिनीत आहे. त्याला काय करू? त्याच्यासाठी मी खळ शिजवली, गहू वाटले, त्याच्या फोटोवर सुरकुती पडू नये म्हणून तळहाताने पुसला. एकच अपत्य. माझा पहिला दात पडला तेव्हा छपरावर फेकायला यानेच मला खांद्यावर घेतलं होतं. माझी चूक झाली, झालीच. पण चुकीबद्दल माणूस ओरडतो, थोबाडीत मारतो. जन्म खोडत नाही.

रडले नाही. राग होता तेवढाच आहे, फक्त त्याचा पत्ता बदलला.

१२ ऑक्टोबर, शनिवार. त्र्याव्ना

मोमचिल कमानी पुलाजवळ, मनोऱ्याखालच्या बाकावर बसला होता. हात तेलाने काळे. बाबांनंतर घड्याळाला किल्ली तोच देतो. केस किती पिकलेत त्याचे. मला बघून उठला आणि म्हणाला, "आणलीस चिकटपट्टी?"

आत्याने माझ्या मागून नुसतं "द्र्यानोवो" एवढंच म्हटलं. तो परत खाली बसला.

"आत्या, तू शब्द दिला होतास."

"मी तोंड उघडलं नाही. स्तोइकाने उघडलं."

मी त्याच्या शेजारी बसले. उरलेला कागद मांडीवर ठेवला, पर्समधून पेन काढलं आणि माझ्या नावाच्या पुढे लिहिलं: मुलगा मोमचिल. माझं अक्षर वाकडंतिकडं आलं.

"सूनबाईला जागा ठेव," तो म्हणाला. "नाहीतर ती मला घरात घ्यायची नाही. तिच्या आईचा फोन आला होता तर्नोवोहून. कचराकुंडीबद्दल."

आम्ही दोघंही हसलो. मग हसता हसता त्याचं काहीतरी बिनसलं आणि त्याने तोंड मनोऱ्याकडे फिरवलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दाफिना, नातू, वेलिका आत्या, सगळ्यांची नावं लिहून झाल्यावर मी विचारलं, "ती एक प्रत कुठे लावलीस?"

"लावली नाही. कोटाच्या आतल्या खिशात घातली त्यांच्या. पेटीचं झाकण ठोकायच्या आधी, सगळे बाहेर असताना." त्याने तेलकट बोटं पँटला पुसली. "तिथे फाडायला आता त्यांचे हात चालत नाहीत."

माझा धाकटा भाऊ. याच्यावर मी सूड उगवायला निघाले होते, आणि याने माझा सूड वर्षभरापूर्वीच पुरून टाकला होता.

दुपारी दफनभूमीवर सगळे जमले, चाळीसेक माणसं. आमचा हाताने लिहिलेला कागद दारावर वाचून आले होते. मेणबत्त्या लावल्या, मातीवर वाईन ओतली, मी शेवंतीची सहा पांढरी फुलं ठेवली. मग दाफिनाने गव्हाचं पातेलं उघडलं. घरातल्या माणसांनी वाटायचं, घेणाऱ्याच्या आधी देणाऱ्याने म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." रीत आहे.

मी वाटी भरून दिली, पहिली शेजारच्या आजीला. तिने हात पुढे केला आणि थांबली. मी काय म्हणते याची वाट बघत होती. मी काहीच म्हटलं नाही. दुसरी वाटी, तिसरी, तसंच. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मोमचिल माझ्या शेजारी उभा होता. त्याने आपल्या वाटीवर म्हटलं, "देव त्याला क्षमा करो." मग माझ्या हातातल्या वाटीकडे बघून हळूच परत तेच म्हणायला तोंड उघडलं, माझ्या वतीने.

मी त्याचं मनगट धरलं. "नको," म्हटलं. "माझ्या वाट्याचं तू पुष्कळ उचललंस. हे माझ्याकडे राहू दे."

पातेलं रिकामं होईपर्यंत मी वाटत राहिले. गहू सगळ्यांना पोचले. ते वाक्य मी बाबांना दिलं नाही.